झूल नसलेला गोऱ्हा

वामनरावांनी ती खोली दिली तेव्हा तिच्यात विद्यार्थ्यांनी विसरून टाकलेल्या सायकली गंजत पडल्या होत्या. नागपूरजवळच्या वाडीच्या पुढे, अमरावती रस्त्यावरच्या एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे वामनराव हे सचिव, आणि धम्मानंद तिथला यंत्रशास्त्राचा प्राध्यापक. "घ्या सर," वामनराव म्हणाले होते, "पंखा नाही, पण दार मोठं आहे. तुमची गाडी आरामात घुसते."

त्या गोष्टीला आता काही वर्षे झाली होती. यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी वामनरावांनी धम्मानंदला बोलावून घेतले, चहा मागवला आणि चहा येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

"सर, यंदा तुमची गाडी शेवटच्या खुणेपर्यंत गेली पाहिजे. नाही गेली, तर ती खोली आम्ही ॲडमिशनच्या ऑफिसले देऊन राहिलो. उन्हाळ्यात पालक येतात, बिचाऱ्यांना व्हरांड्यात उभं राहावं लागते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर धम्मानंदने काही उत्तर तरी दिले असते. त्याने मान हलवली, चहा संपवला आणि तो पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगच्या तासाला गेला. खोली गेली की उरणार होते ते हेच: ड्रॉइंगचे तास, एका तुकडीमागून दुसरी, आणि फळ्यावर तेच शंकूचे छेद.

मोठ्या दाराच्या त्या खोलीत उभी होती ती बॅटरीवर चालणारी एक जुनी चारचाकी. मिहान औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने ती मोडीत काढली होती. धम्मानंदने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी तिचे सुकाणू मोटारीला जोडले, कपाळावर कॅमेरे बसवले, चालकाच्या आसनावर एक लहानसा संगणक पट्ट्याने बांधला. केंद्र सरकारचे एक खाते दरवर्षी चालक नसलेल्या गाड्यांची स्पर्धा भरवीत असे. पूर आलेल्या, दरड कोसळलेल्या, जिथे चालकाला पाठवणे जिवावरचे काम आहे अशा ठिकाणी सामान पोहोचवणारी गाडी सरकारला हवी होती. ओबडधोबड जमीन, उंच गवत, चर, मधेच येणारे अडथळे. कोणी हात न लावता गाडीने हे सारे ओलांडून शेवटच्या खुणेपाशी थांबायचे, एवढीच अट. पहिल्या खेपेला धम्मानंदची गाडी जागची हलली नाही. दुसऱ्या खेपेला ती हलली आणि सरळ चरात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आले, त्यात चराच्या काठावर उभे राहून खाली पाहणारा पाठमोरा धम्मानंद होता. त्याच्या मुलीने, रोशनीने, ते कापून कपाटाच्या दाराला चिकटवले. अजूनही ते तिथेच होते, आणि कपडे काढताना रोज त्याला आपली पाठ दिसे.

त्याच्या वडिलांना या खटाटोपाचे कधीच नवल वाटले नाही. आनंदराव पारशिवनीजवळच्या एका गावात शेती करीत. तरुणपणी ते बाजाराच्या दिवशी माल विकून परत निघत, तेव्हा गावाबाहेर आले की कासरा खुंटीला अडकवून बैलगाडीतच आडवे होत. बैल वाटेने चालत राहात, ओढ्याशी आपणहून हळू होत, समोरून गाडी आली तर बाजूला सरत आणि घराच्या खुंट्यापाशी येऊन उभे राहात. मग मीराबाई बाहेर येऊन नवऱ्याला हलवून उठवीत.

"तुमच्या सरकारले आत्ता सुचलं काय गा?" आनंदराव म्हणत. "आमच्या घरी तं माह्या बापापासून बिनडायवरची गाडी आहे."

"तुमचे बैल शिकलेले होते, बाबा. आमच्या गाडीला आम्हाला शिकवावं लागते."

"मंग शिकव. त्याच्यात काय रडणं?"

शिकवणे, तेच अवघड होते. गवत आणि जनावर यांतला फरक गाडीला कळणे हे या स्पर्धेतले खरे मर्म. पुढे काहीतरी आहे, हे गाडीला कळे. पण गवत असेल तर त्यात शिरायचे आणि गुरे असतील तर थांबायचे, हे तिला चित्रे दाखवूनच शिकवावे लागे. बाजारात आयते मिळणारे शिक्षण परदेशी गाईंचे होते. त्या शिक्षणावर आपल्याकडचा वशिंडाचा बैल गाडीला कधी घोडा वाटे, कधी काहीच वाटत नसे. तेव्हा चित्रे आपलीच काढावी लागणार, हे वामनरावांनी बोलावण्याच्या बरेच आधी, पावसाळ्यातच ठरले होते. संघाची प्रमुख चिन्मयी आणि संगणकाचे काम पाहणारा सौरव, दोघेही नागपूर शहरात वाढलेले, कॅमेरा घेऊन वाडीच्या रस्त्यावर फिरले. पण रस्त्यावरची गुरे दुभाजकावर बसून राहात, आणि मागून ट्रकवाले ओरडत.

"पोळ्याला आमच्या गावी चला," धम्मानंद म्हणाला. "गावातले सारे बैल तोरणाखाली एका रांगेत उभे असतात. हलत नाहीत. दिवसभरात तुमचं काम होऊन जाईल."

त्याला स्वतःलाही ही युक्ती फार आवडली होती. गावात वाढलेल्या माणसालाच ती सुचू शकत होती.

पोळ्याच्या दिवशी सारे गेले. मीराबाईंनी मुलांना पुरणपोळी वाढली, चिन्मयीला शेजारी बसवून आग्रह केला. आनंदरावांनी सकाळीच जोडी ओढ्यावर नेऊन धुतली होती. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली नागपुरात धम्म स्वीकारला, तेव्हापासून त्या घरात बैलाची पूजा नव्हती. पण वर्षभर राबलेल्या जनावराला एक दिवस जुंपायचे नाही, न्हाऊ घालायचे, पोटभर खाऊ घालायचे, हा शिरस्ता आनंदरावांनी मोडला नाही. पाठीवर हाताने गेरूचे चार ठिपके उठवायचे आणि जोडी तोरणाखाली न्यायची. ती रांगेच्या अगदी शेवटी उभी राही. पूर्वी तिथे उभे राहावे लागे. आता कोणी काही म्हणत नव्हते, पण आनंदरावांचे बैल सवयीने तिथेच जाऊन थांबत.

जेवण झाल्यावर मुले कॅमेरे घेऊन तोरणाकडे धावली. धम्मानंद अंगणातल्या बाजेवर पाठ टेकायला म्हणून आडवा झाला. आठवडाभर त्याने दिवसा तास घेतले होते आणि संध्याकाळी गाडीच्या मोटारी खोलल्या होत्या. लांबून पोळ्याच्या कवनांचा, झडत्यांचा गलका येत होता, एकाने म्हणावी आणि बाकीच्यांनी "हर बोला" करून उचलावी. त्या गलक्यातच त्याला झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन उतरले होते आणि सौरव समोर उभा होता, कपाळावर कोणीतरी लावलेला गुलाल घेऊन.

"सर, जबरदस्त फोटो झाले! काय सजवतात राव बैलांना. बाशिंग, बेगड, झूल… एकाच्या पाठीवर तं 'जय जवान जय किसान' लिहून होतं."

"सगळे आले?"

"सगळे. शेवटी दोन-तीन साध्या जोड्या उरल्या होत्या, पण उजेड कमी झाला अन् गर्दी निघाली. त्या सोडल्या. चालेल ना?"

धम्मानंदच्या डोळ्यांवर अजून झोप होती. "चालेल," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी तान्हा पोळा होता. नागपुरात त्या दिवशी लहान मुले चाकांचे लाकडी बैल ओढत दारोदार जातात. वाडीतल्या एका मंडळाकडे माणसाच्या छातीएवढा मोठा लाकडी नंदी होता. सौरवने तो सण झाल्यावर मागून आणला, झूल आणि घुंगरमाळांसकट. महाविद्यालयाच्या मागच्या मैदानात गवतात नंदी उभा केला. गाडीच्या टपावर त्यांनी एक पिवळा दिवा बसवला होता. जनावर ओळखले की तो लागे. नव्या चित्रांवर शिकलेली गाडी गवतात शिरली, नंदी दिसताच पिवळा दिवा लागला आणि ती अलगद थांबली. नंदी हलवून दुसरीकडे ठेवला, तरी थांबली. पाठमोरा ठेवला, तरी थांबली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वामनराव गच्चीवरून पाहत होते, त्यांनीही वाजवल्या. धम्मानंदला त्या संध्याकाळी घरी जाताना वाडीच्या नाक्यावरची ट्रकची रांगदेखील फारशी जाचली नाही. नंदिनी, त्याची बायको, दार उघडून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत म्हणाली, "काय झालं? आज माणसासारखे दिसून राहिले."

स्पर्धेची अखेरची फेरी यंदा नागपुरातच होती, मिहानच्या पलीकडच्या माळावर. दिवाळी होऊन गेली होती. पावसात वाढलेले कुसळी गवत कमरेच्या वर येऊन पिवळे पडू लागले होते. माळाला चारी बाजूंनी लाल-पांढरी फीत बांधलेली होती. एका टोकाला संघांचे तंबू, दुसऱ्या टोकाला परीक्षकांचा मांडव, आणि मधे गवताचे रान, त्यात कुठे चर खणलेले, कुठे पिंपे ठेवलेली. वामनराव संस्थेच्या दोन विश्वस्तांना घेऊन आले होते. जिंकल्यासारखे तिघांनीही आधीच फेटे बांधले होते.

नियमाप्रमाणे प्रत्येक संघातल्या एका जबाबदार माणसाच्या गळ्यात एक लाल बटण लटकवलेले असे. गाडी हाताबाहेर चालली असे वाटले, तर त्याने ते दाबायचे. दाबले की गाडीची चाके जागीच आवळली जात आणि फेरी संपे. धम्मानंदने बटण गळ्यात घातले आणि गाडीच्या मागे, पण जरा बाजूने, बांधावरून चालू लागला. चिन्मयी आणि सौरव तंबूत संगणकापाशी होते.

गाडी निघाली. पहिला चर तिने वळसा घालून टाळला. पिंपांच्या मधून ती एखाद्या सावध म्हाताऱ्यासारखी गेली. मागे तंबूतून मुलांचा आवाज आला, मग परीक्षकांनी हात वर केल्यावर तो थांबला. गाडी उंच गवतात शिरली. गवत दोन्ही अंगांनी दबत होते, तिच्या चाकांखाली करकरत होते. तिच्या पलीकडे, फार लांब नाही, शेवटच्या खुणेचा हिरवा झेंडा दिसत होता. बांधावरून चालताना धम्मानंदला धाप लागली होती. आता आपल्याला काही करायचे नाही, असे त्याला वाटले; आणि पुष्कळ महिन्यांनी त्याने खांदे सैल सोडले.

तेव्हा त्याला गोऱ्हा दिसला.

फीत कुठेतरी तुटली असावी. राखाडी रंगाचा, अजून नांगराला न लागलेला एक गोऱ्हा गवतात पाठ करून उभा होता आणि निवांत चरत होता. अंगावर काही नाही, गळ्यात एक तुटका दोर. गाडी त्याच्याकडे सरळ चालली होती. धम्मानंद टपावरच्या पिवळ्या दिव्याकडे पाहत राहिला. आता लागेल, असे तो मनात म्हणाला. गवत दबत होते. दिवा लागला नाही, आणि गाडीचा वेगही उतरला नाही. गोऱ्ह्याने शेपटी हलवली.

धम्मानंदने बटण दाबले.

चाके आवळली गेली, गाडी पुढे घसरून थांबली. गोऱ्ह्याने मान वळवली, गाडीच्या कॅमेऱ्याजवळ नाक नेऊन फुरफुर केली आणि पुन्हा चरू लागला.

गवतातून आधी एक काठी आली, मग डोक्याला पदर गुंडाळलेली एक बाई. शेजारच्या वस्तीवरची अंजनाबाई. तिने गोऱ्ह्याच्या पाठीवर हात फिरवला, मग गाडीला एक काठी हाणली.

"काहून गा, माह्या गोऱ्ह्याले मारता काय? डोळे फुटले काय तुमचे?" तिने गाडीत डोकावून पाहिले, वाकून दुसऱ्या बाजूनेही पाहिले, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "बाप्पा! ह्याच्यात तं कोणीच नाही. मंग मी भांडू कोणासंग?"

धम्मानंद बांधावरून उतरून तिच्यापर्यंत पोहोचला होता. "माझ्यासंग भांडा, बाई. गाडी माझी आहे."

अंजनाबाईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. तो घामाने भिजला होता आणि त्याचा हात अजून बटणावर होता.

"तुमच्यासंग काय भांडू?" ती म्हणाली. "तुमचाच जीव चाललेला दिसते." तुटक्या दोराला गाठ मारून ती गोऱ्ह्याला घेऊन गेली.

तोवर मुख्य परीक्षक उत्तरा मॅडम जीपमधून आल्या. त्यांच्या मागून चिन्मयी पळत आली, तिच्या मागून सौरव. वामनराव फेटा सावरत लांबून येत होते. उत्तरा मॅडम पुण्याच्या. शांतपणे, शब्द मोजून बोलणाऱ्या.

"सर, बसा हवं तर. पाणी घ्या." त्यांनी बाटली पुढे केली. "जनावर आत येणं ही आमची चूक आहे. आता नियम सांगते. गाडी स्वतःहून थांबत होती आणि तुम्ही काळजीपोटी बटण दाबलं, असं असेल तर तुम्हाला फेरी पुन्हा देता येते. गाडीला जनावर ओळखूच आलं नव्हतं, तर तो सुरक्षेचा दोष. मग संघ बाद. गाडीतली नोंद आम्ही पुढे मागवतो, पण आत्ता मैदानावर बटण धरणाऱ्याचा शब्द प्रमाण मानतो. पुढच्या संघाची गाडी उभी आहे. सांगा."

ती नोंद पुढे कोणी मागवीत नाही, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होते. तंबूतून किंवा मांडवातून एवढ्या लांबचा पिवळा दिवा उन्हात दिसत नव्हता. गवतात शिरताना गाडीचा तंबूशी संपर्कही तुटला होता, त्यामुळे सौरवच्या पडद्यावर काही आले नव्हते. दिवा लागला की नाही, हे पाहणारा माणूस एकच होता.

"थांबतच होती, मॅडम!" चिन्मयी म्हणाली. "नंदीसमोर एकदाही चुकली नाही. सर घाबरले. सर, सांगा ना."

वामनराव पोहोचले होते. त्यांनी धम्मानंदच्या खांद्यावर हात ठेवला. हाताचे वजन पुरेसे होते.

धम्मानंदने शेवटच्या खुणेकडे पाहिले. पुन्हा फेरी मिळाली तर गाडी तिथे पोहोचेल, हे त्याला दिसत होते. गोऱ्हा आता फितीबाहेर होता. वाटेत दुसरे काही नव्हते. एक होकार दिला की खोली राहील, मुलांच्या नावावर स्पर्धा लागेल, रोशनी कपाटाच्या दारावरचे चित्र बदलेल. आणि मग सरकार म्हणेल, ही गाडी चांगली आहे. हिला पुराच्या गावी पाठवा, जिथे दावी तोडून मोकळी झालेली गुरे वाटेत उभी असतात. त्याच्या मनात हा विचार असा सुसंगत आला नाही. त्याला फक्त खूप थकवा आला होता, आणि खोटे बोलल्यावर ते पुढे वर्षानुवर्षे सांभाळण्याइतके बळ आपल्या अंगात नाही, एवढेच त्याला स्पष्ट कळले.

"ओळखलं नव्हतं, मॅडम," तो म्हणाला. "दिवा लागला नाही. वेगही कमी झाला नाही. मी दाबलं नसतं तर गेली असती अंगावर."

उत्तरा मॅडमनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले, मान हलवली आणि जीपकडे वळल्या. वामनरावांचा हात खांद्यावरून निघाला.

"सर," ते हळूच म्हणाले, "इतकं खरं बोलाले कोणी सांगितलं होतं तुम्हाले?" आणि विश्वस्तांना चहा मिळाला का ते पाहायला गेले.

गाडी ढकलत नेण्यात बराच वेळ गेला. चिन्मयी एका बाजूने ढकलत होती, पण धम्मानंदकडे पाहत नव्हती. मालवाहू टेम्पोत गाडी चढवून झाल्यावर ती फुटली.

"तुम्ही नुसतं 'हो' म्हटलं असतं, सर. एक शब्द. वर्षभर आम्ही झोपलो नाही. काहून ओळखलं नसेल तिनं? नंदीला ओळखते, याला काहून नाही?"

धम्मानंद टेम्पोच्या फाळक्याला टेकून उभा होता. त्यालाही तोच प्रश्न पडला होता, आणि उत्तर त्याला ढकलताढकलताच सापडले होते. गोऱ्ह्याची ती राखाडी उघडी पाठ त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती.

"सौरव," तो म्हणाला, "पोळ्याचे फोटो आठव. झूल नाही, बाशिंग नाही, बेगड नाही, असा एक तरी बैल आहे त्यात?"

सौरवने आठवायला डोळे मिटले. मग त्याने कपाळावर हात मारला.

"आपण तिला बैल शिकवलाच नाही, सर. झूल शिकवली. नंदीवरही झूलच होती." त्याने चष्मा काढला. "साधे होते, सर, रांगेत. शेवटचे. पण ते आपण काढले नाहीत."

"हो," धम्मानंद म्हणाला. "ते आमचे होते."

सौरवने त्याच्याकडे पाहिले, मग जमिनीकडे. धम्मानंदला त्यांना दोष द्यायचा नव्हता. बाजेवर झोपेत 'चालेल' म्हणणारा तोच होता. पण तेही बोलण्याचा त्याला कंटाळा आला. "चला," तो म्हणाला, "वाडीत ट्रक अडकायच्या आत निघू."

घरी नंदिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला. रोशनीने विचारले, "आता फोटो येईल का पेपरात?"

"नाही येणार."

"मग जुनाच राहू द्यायचा?"

"राहू दे."

खोली रिकामी करायला वामनरावांनी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. मुदत देतानाही ते सौम्यच होते. धम्मानंद तास संपल्यावर जाऊन एकेक सुटी मोटार खोक्यात भरू लागला. मुले येत नव्हती. त्यांच्या परीक्षा तोंडावर होत्या, आणि येऊन करण्यासारखे काही नव्हते.

एका रविवारी मीराबाईंचा फोन आला.

"काहून गा धम्मा, तुही पोरं इकडं धाडली अन् सांगितलं नाही?"

"कोणती पोरं?"

"ते पोळ्याले आले होते ते. ती पोरगी अन् तो चष्म्याचा. सकाळपासून बैलाचे फोटो काढून राहिले. मी म्हटलं, आधी जेवा, तं म्हणते आधी बैल." मीराबाई हसल्या. "तुह्या बापाले पाह्य, राग आला. घे, बोल."

आनंदराव फोनवर आले. "मी म्हटलं, थांब वं पोरी, बैलाले धुऊन आणतो, चार ठिपके मारतो. तं मले म्हणते, नका धुऊ आबा, शेण राहू द्या, चिखल राहू द्या. असा फोटो कोणी काढते काय गा? लोक काय म्हणतीन?"

"काढू द्या, बाबा. तसाच पाहिजे."

"घाण बैल पाहिजे तुमच्या सरकारले?"

"सरकारले नाही. गाडीले."

आनंदरावांनी विषय बदलला. "गाडी पोचली होती काय गा, त्या दिवशी?"

"नाही, बाबा. मधेच थांबवली मी."

"कोणाले लागलं तं नाही ना?"

"नाही."

"मंग झालं," आनंदराव म्हणाले, आणि पलीकडे कोणाला तरी ओरडून सांगू लागले की पांढऱ्याच्या मागे उभे राहू नका, तो लाथ मारतो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी चिन्मयी आणि सौरव खोलीत आले. सुट्या मोटारी खोक्यांत होत्या, पण गाडीतल्या धम्मानंदने अजून काढल्या नव्हत्या. सौरवने काही न विचारता नव्या चित्रांवर शिकवलेला संगणक जोडला. वामनरावांची माणसे बाहेर टेबले घेऊन उभी होती. ती खोलीत मांडायची होती.

"दहा मिनिटं द्या, भाऊ," चिन्मयी त्यांना म्हणाली.

"घ्या न्. आम्हाले काय, टेबल कुठं पळून राहिलं?" त्यांतला एक म्हणाला आणि टेबलावरच बसला.

त्यांनी गाडी मागच्या मैदानात आणली. लाकडी नंदी परत गेला होता. पण फाटकापाशी, गवत आणि रस्ता जिथे मिळतात तिथे, वाडीतली एक भाकड गाय बसली होती. अंगाला शेण लागलेले, एक शिंग मोडके. धम्मानंदने बटण गळ्यात घातले.

गाडी गवतात शिरली. गवत आता वाळून कोलमडले होते. गाईपासून बरेच अलीकडे टपावरचा पिवळा दिवा लागला, आणि गाडी थांबली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टेबलावर बसलेला माणूस म्हणाला, "अन् आता?"

"आता गाय उठली की पुढं जाईल," सौरव म्हणाला.

गाय उठली नाही. ती रवंथ करीत राहिली, आणि गाडी तिच्यासमोर दिवा लावून उभी राहिली. तासाची घंटा झाली. धम्मानंदने गळ्यातले बटण काढून चिन्मयीच्या हातात दिले, शर्टाच्या कोपऱ्याने बोटांचे वंगण पुसले, आणि पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगच्या तासाला गेला.